रोम व्हाया कराड

युरोपचं पॅकेज करून आलेल्या कुठल्याही जोडप्याला ‘रोम कसं होतं?’ असं विचारून बघा. उत्तर साधारण सारखंच येतं. सकाळी कलोझियम आणि त्याच्यासमोर फोटो, दुपारी व्हॅटिकनची रांग, संध्याकाळी त्रेवीच्या कारंज्याकडे पाठ करून खांद्यावरून टाकलेलं नाणं, आणि रात्री हॉटेलवर गरम पाण्यात बुडवलेले पाय. अडीच हजार वर्षांहून जुनं शहर आणि आपल्याकडे तास अकरा! तरी लोक जातात आणि परत आल्यावर वर्षभर त्यावर बोलतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. मलाही जायचंय.

आमचं रोम तीन वर्षांत तीनदा ठरलं आणि तीनदा बारगळलं. एकदा नवऱ्याचं गो-लाइव्ह आडवं आलं. एकदा माझं पेमेंट अडकलं. (फ्रीलान्सरचे पैसे येतात हो, पण त्यांच्या मूडप्रमाणे येतात.) तिसऱ्या वेळी फ्लॅटचा हप्ता वाढला. यंदा मात्र चक्क पैशांची सोय होण्याची चिन्हं दिसायला लागली, कारण कराडचा वाडा विकायचं ठरलं.

वाडा नवऱ्याच्या आजोबांचा, सोमवार पेठेतला. तीन भावांचा हिस्सा. सासरे गेल्यापासून सासूबाई पुण्यात आमच्याकडे असतात, मधल्या काकांनी मलकापुरात बंगला बांधलाय, आणि धाकटे काका एकटेच त्या सतरा खिडक्यांच्या घरात दोन खोल्यांपुरते राहतात. बिल्डरशी बोलणी झाली. सह्यांच्या आधी ‘तुमचं काय सामान आहे ते एकदा बघून जा’ असा काकांचा फोन आला. नवऱ्याने कॅलेंडर उघडलं, शनिवार-रविवार मोकळे होते. म्हणाला, “एका दिवसात होईल. आणि हिस्सा आला की सरळ रोम!”

म्हणजे हिशेब असा होता, की एका जुन्या शहरातलं घर विकून दुसरं जुनं शहर बघायला जायचं. मला तो हिशेब गाडीत बसेपर्यंत टोचत राहिला. खंबाटकी घाट ओलांडल्यावर मी म्हटलं, “दोन दिवस आहेत ना? मग तू मला कराड दाखव. रोम दाखवलं असतंस तसं. टुरिस्टसारखं.”

“कराडात काय आहे बघायला?” 

जन्मापासून बारावीपर्यंत तिथे राहिलेला माणूस हे विचारत होता!

आता थोडा होमवर्क, कारण तो मी आदल्या रात्री केला होता आणि दाखवायची संधी सोडणार नव्हते. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाचा दक्षिणेचा दिग्विजय येतो. त्यात त्याने जिंकलेल्या गावांची लांबलचक यादी आहे आणि त्या यादीत करहाटक आहे. हे करहाटक म्हणजे आपलं कराड. पण खरी गंमत पुढच्याच ओळींत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, त्यातलं सभापर्व फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने १९४०च्या दशकात संपादित केलं. वेगवेगळ्या हस्तलिखितांमधली गोंधळलेली अक्षरं ताडून पाहिल्यावर त्याने तिथे ‘अंताखी’ आणि ‘रोमा’ अशी दोन नावं वाचली. अंताखी म्हणजे भूमध्य समुद्राजवळचं अँटिऑक आणि रोमा म्हणजे अर्थातच रोम. सहदेव काही तिथवर गेला नाही, त्याने दूत पाठवले. पण बघा ना, ज्या कवीने त्या ओळी रचल्या, त्याच्या डोक्यातल्या नकाशावर कराड आणि रोम एकाच पानावर होते. आणि आमच्या घरच्या नकाशावर कराड म्हणजे ‘सामान बघून येऊ’.

“हे तुला कुणी सांगितलं?” नवरा.

“अरे, छापलेलं आहे.”

“मग आम्हाला शाळेत का नाही सांगितलं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. साताऱ्यात चहा घेतला, कंदी पेढे घेतले (सासूबाईंची ऑर्डर), आणि रात्री साडेदहाला वाड्याच्या दारात पोचलो.

शनिवारी पहाटे साडेपाचला मी त्याला उठवलं. रोममध्ये असतो तर उठला असता, हे एकच वाक्य दोन्ही दिवस माझं ब्रह्मास्त्र होतं. महामार्ग ओलांडून जखिणवाडीत गेलो. तिथून वर आगाशिवचा डोंगर चढायचा. डोंगरात साठांहून जास्त लेणी आहेत, बौद्ध, इसवीसनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. अजिंठ्याची चित्रं डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल, हे आधीच सांगते. इथे रंग नाहीत, बुद्धाच्या भव्य मूर्ती नाहीत. साध्या चौकोनी खोल्या, झोपायला दगडी ओटे, पाण्याची टाकी, काही ठिकाणी स्तूप. एका लेण्याच्या दर्शनी भागावर कोरलेले खांब आहेत, त्यांवर चक्र आणि सिंह. बाकी सगळं मुकाट. खाली महामार्गावरून ट्रक जातात, त्यांचा आवाज वर येतो आणि आत शिरलं की बंद होतो. कुणीतरी दार लावल्यासारखा.

नवरा एका ओट्यावर आडवा झाला. “हे आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या वन-रूम-किचनपेक्षा मोठं आहे.”

होतंच. शिवाय इथे घरमालक पण नाही.

भिंतींवर नावं होती. बदाम, बाण, अमुक लव्ह्ज तमुक. काही खडूने, काही चक्क टोकदार दगडाने कोरलेली. नवरा चिडला. मीही चिडले, पण मग मला कुड्याची लेणी आठवली. ही रायगड जिल्ह्यात आहेत, राजपुरीच्या खाडीजवळ. तिथल्या एका ब्राह्मी लेखात कराडचा लोखंडाचा व्यापारी भेटतो, त्याचं नाव महिक. म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी कराडच्या माणसालाही भिंतीवर आपलं नाव हवं होतं! फरक इतकाच, की आधी त्याने पदरच्या पैशाने लेणं खोदून दिलं होतं, मग नाव घातलं. त्याहून जुना पुरावा तर आणखी लांब आहे. मध्य प्रदेशात भारहूतचा स्तूप होता, इसवीसनापूर्वीचा. त्याच्या दगडी कठड्यांवर देणगीदारांची नावं आहेत आणि त्यात एक देणगी कुणा एकट्याची नाही, ‘करहकट’ नगराची आहे. अख्ख्या गावाने वर्गणी काढून दिलेली! ते कठडे आता बरेचसे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. रेल्वे नाही, महामार्ग नाही, आणि कराडकर हजारेक किलोमीटरवरच्या स्तूपाला वर्गणी पाठवत होते. आमच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर जात नाही.

वर चढताना शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा भेटले. “पावनं, कुठनं आला?”

“पुण्याहून. पण मी कराडचाच आहे, सोमवार पेठेतला.”

आजोबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “आन् मग आत्ता कसं काय आलासा वर?”

नवऱ्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

डोंगरमाथ्यावर आगाशिव महादेवाचं देऊळ आहे. तिथून कराड दिसतं, आणि मी म्हणेन की ट्रिपचा पहिला फोटो इथून काढा. एका बाजूने कृष्णा येते, दुसऱ्या बाजूने कोयना. दोघी महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेल्या, वेगवेगळ्या वाटांनी इथवर आलेल्या. नद्या सहसा बाजूने येऊन एकमेकींत शिरतात. या दोघी समोरासमोर येऊन धडकतात आणि मग एकदम काटकोनात वळून पूर्वेला निघून जातात. म्हणून हा प्रीतिसंगम. मधल्या बेचक्यात गाव. वरून बघितलं की हे गाव इथेच का वसलं, हे कुणी सांगावं लागत नाही. दोन बाजूंनी पाणी, पश्चिमेला कुंभार्ली घाटातून कोकणात उतरायची वाट, तिथून चिपळूण, पुढे खाडी आणि समुद्र.

(प्रॅक्टिकल सूचना : ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा, सकाळी लवकर चढा, पाणी सोबत ठेवा, चांगले बूट घाला. वर कॅन्टीन नाही. नसू दे.)

दुपारचं गाव मी भरभर सांगते, कारण आम्हीही भरभरच बघितलं, ऊन मी म्हणत होतं. आदिलशाहीतली मशीद आणि तिचे उंच मनोरे, ज्यांच्यावरून जुने कराडकर अजून पत्ता सांगतात. पंतांच्या कोटातली नकट्या रावळ्याची विहीर, नावावर जाऊ नका, पायऱ्या उतरायला लागलात की बोलणं आपोआप कमी होतं. नवरा म्हणाला की लहानपणी ‘तिकडे जायचं नाही’ एवढंच माहीत होतं. मग एका खानावळीत पिठलं, खर्डा, ज्वारीची भाकरी. खर्ड्याबद्दल मी काही लिहीत नाही, अजून जीभ बरी व्हायची आहे.

कराडचं सगळ्यात रोमँटिक प्रकरण मात्र कुठल्याही दगडात सापडत नाही. अकराव्या शतकात इथे शिलाहार राजे होते. त्यांची राजकन्या चंदलदेवी. तिचं लग्न झालं कल्याणीच्या चालुक्य राजाशी, सहाव्या विक्रमादित्याशी. त्याच्या दरबारात बिल्हण नावाचा काश्मिरी कवी होता. त्याने राजाचं चरित्र संस्कृत काव्यात लिहिलं, ‘विक्रमांकदेवचरित’, आणि त्यात या राजकन्येला चंद्रलेखा म्हणून तिच्या स्वयंवराचं सविस्तर वर्णन केलं. कराडच्या स्वयंवराचं! देशोदेशीचे राजे येऊन बसलेत, एकेकाची ओळख करून दिली जातेय, ती एकेकाला नापास करत पुढे जातेय. इतिहासकार म्हणतील की हा दोन घराण्यांमधला राजकीय सोयरिकीचा मामला होता. असेल. विक्रमादित्याला आणखीही राण्या होत्या. पण कल्पना करा ना, काश्मीरहून आलेला माणूस, आणि त्याच्या काव्यात जगातली सगळ्यात देखणी मुलगी कराडची.

“म्हणजे मॅट्रिमोनी साइटच,” नवरा म्हणाला. “प्रोफाइल बघायचे आणि पुढे ढकलायचे.”

“तुझा मी दोनदा पुढे ढकलला होता.”

“माहितीय. तिसऱ्यांदा का नाही ढकललास?”

“नेट गेलं होतं.”

संध्याकाळी संगमावर गेलो. आणि आमचं भांडण झालं ते तिथे. जोडप्याने कुठेही दोन दिवस फिरायला जावं आणि एकदाही भांडू नये, असं होत नाही. रोमला गेलेल्यांना खासगीत विचारा.

संगमावर बाग आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, घाट आहे, कृष्णामाईचं देऊळ आहे. शनिवार म्हणून गर्दी होती. पोरं पळत होती, भेळेच्या गाड्यांवर कांदा चिरला जात होता, घाटावर एक बाई शांतपणे सतरंजी धूत होती. नवऱ्याने सकाळपासूनचं मनात साठलेलं बोलायला सुरुवात केली. इथे एक धड बोर्ड नाही. दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि माहिती देणारं कुणी नाही. तिकीट लावा, कुंपण घाला, रात्री लाइट अँड साउंड करा, मग बघा लोक कसे येतात. रोमने हेच केलंय.

मी म्हटलं, “आणि त्या बाईने सतरंजी कुठे धुवायची?”

“हा मुद्दा नाहीये.”

“हाच मुद्दा आहे.” माझं म्हणणं असं की रोमचं फोरम बघायला जातो तेव्हा आपण मेलेल्या बाजारपेठेतून फिरतो. तिथे आता कुणी भाजी विकत नाही, म्हणून तिकीट लावता येतं. कराड अजून सुरू आहे. इथल्या विहिरीला कुंपण घाला, लेण्यांत पहारेकरी नेमा, माझी शंभर टक्के हो. बोर्ड तर हवेतच, चार नाही, चाळीस. पण घाटाला तिकीट? ज्या शहरात लोक राहतात त्याची काच लावून शोकेस करता येत नाही.

“लोक राहतात कुठे?” तो म्हणाला. “सगळे तर विकून चाललेत.”

यावर आम्ही दोघंही गप्प झालो. भेळ आली. तिखट कमी होती, ते एक बरं.

माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या शहरांची खरी अडचण हीच आहे. ती पडत नाहीत. युद्ध होऊन, ज्वालामुखी फुटून एका दिवसात थांबत नाहीत, म्हणून त्यांचं म्युझियम होत नाही. ती एकेका सहीने बदलतात. सहदेवाच्या यादीतलं ते अंताखी आता तुर्कस्तानात अंताक्या नावाने आहे. ६ फेब्रुवारी २०२३च्या भूकंपात त्याचा जुना भाग इतका कोसळला की जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले. कराडचे वाडे पाडले जातात तेव्हा फोटो येत नाहीत, कारण पाडणारे आपणच असतो आणि आपल्याला पार्किंग हवं असतं. मी कुणाला नावं ठेवत नाहीये. सतरा खिडक्यांच्या घराचं छत दर पावसाळ्याआधी शाकारायला किती खर्च येतो, हे काकांनी त्याच रात्री वहीत दाखवलं. एकट्या माणसाने ते करत राहावं, असं पुण्यातल्या आठव्या मजल्यावरून सांगणं सोपं आहे.

रात्री सामान काढायला बसलो. माजघराच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक भेग आहे, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेची, कोयनेच्या भूकंपाची. काकांनी ती कधीच बुजवू दिली नाही. जिन्याखाली पितळी घंगाळं, परात, फुटका फिरकीचा तांब्या, आणि एक कंदील. ‘प्रभाकर’ कंदील, इथून हाकेच्या अंतरावरच्या ओगलेवाडीत ओगल्यांच्या काच कारखान्यात बनलेला. एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत तो होता. कारखाना केव्हाच बंद पडला. या कंदिलाची काच मात्र शाबूत. नवऱ्याने ती शर्टाला पुसली आणि म्हणाला, याच्या उजेडात बाबांनी दहावी केली. मला हे त्याच्या तोंडून पाच वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. तासाभराचं सामान होतं, आम्हाला दीड वाजला.

रविवारी सांगली. जिल्ह्याची हद्द ओलांडताना नवऱ्याने मला गाइडच्या थाटात सांगितलं, की हे सगळं पूर्वी सातारा जिल्ह्यातच होतं, १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं सांगली झालं. कुठून आलं हे ज्ञान? पहाटे फोनवर वाचत बसला होता. वाटेत देवराष्ट्रे लागतं, यशवंतरावांचं जन्मगाव. शेजारी सागरेश्वरला जुन्या देवळांचा समूह आणि हरणांचं अभयारण्य. आम्ही देवळं बघितली, हरणं दिसली नाहीत. जन्म देवराष्ट्र्याला, समाधी कराडला, आणि आत्मचरित्राचं नाव ‘कृष्णाकाठ’. दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी सगळी खाती सांभाळलेल्या माणसाने पुस्तकाला नाव मात्र गावच्या नदीचं दिलं.

सांगलीत गणपतीचं दर्शन घेतलं आणि भडंगाचे चार पुडे. याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठीतलं पहिलं नाटक केलं, आणि त्याचं नाव काय असावं? ‘सीता स्वयंवर’! दोन दिवसांत दोन स्वयंवरं झाली. आयर्विन पुलावरून कृष्णा बघितली. इथे ती काल संध्याकाळच्यापेक्षा संथ आणि रुंद वाटते. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये याच पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ज्याच्याशी त्या विषयावर बोलाल तो हाताने भिंतीवरची उंची दाखवतो.

माझ्यासाठी सांगलीचा हायलाइट म्हणजे हरिपूर. गावाला लागूनच, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर. संगमेश्वराचं देऊळ, चिंचांची सावली. ‘संगीत शारदा’ लिहिणारे देवल इथलेच. पण मला बघायची होती ती पेवं. आपण ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ असं म्हणतो ना, ते पेव. जमिनीत खोल खोदलेली कोठी, तोंड जेमतेम माणूस उतरेल इतकं अरुंद, आत पोटाशी फुगलेली. त्यात हळद भरायची आणि वरून बंद करायची. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं हळद तशीच राहते. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. काही तास तसंच उघडं ठेवतात, मग कंदील सोडून बघतात. विझला तर आत अजून प्राणवायू नाही. २००५च्या महापुरात पाणी शिरून यातली कितीतरी पेवं हळदीसकट गेली. माहिती देणारे काका म्हणाले, “आता गोडाऊनला ठेवत्यात. सोयीचं पडतं.” नवऱ्याने विचारलं, कंदील कुठला वापरायचे? काकांनी त्याच्याकडे बघितलं. “प्रभाकर. दुसरा कुठला?”

शेवट मिरजेत. सतारमेकर गल्लीत दुपारी तीनला गेलो, दुकानांच्या ओट्यांवर भोपळे वाळत होते, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. इथले कारागीर मूळचे शिकलगार, तलवारी आणि हत्यारं करणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांनी सतार-तंबोऱ्याकडे हात वळवला आणि आज सातव्या पिढीच्या आसपासची मंडळी तेच करतायत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि दर वर्षी उरुसात गवई तिथे येऊन गातात, बिदागीसाठी नाही, हजेरी म्हणून.

एका दुकानात एक तरुण कारागीर जवारी काढत होता. म्हणजे घोडीचा वरचा भाग कानसेने अगदी जरा जरा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. एका जागी तार नुसती टण्ण वाजते. केसभर पुढे दोरा सरकवला की तीच तार उघडते आणि आवाज संपतच नाही. तो म्हणाला, गवयाला तंबोऱ्याची जोडी लागते, म्हणून दोन भोपळे सारखे शोधावे लागतात, पण अगदी सारखे कधी मिळत नाहीत. मग जवारीवर जुळवून घ्यायचं. नवरा एरवी हेडफोन काढत नाही. तो तिथे पाऊण तास मांडी घालून बसला. मी दोनदा घड्याळ दाखवलं. तिसऱ्यांदा नाही दाखवलं.

परतीचा रस्ता कराडवरूनच जातो आणि वाड्याची किल्ली काकांना द्यायची होती. आठ वाजले होते. काका ओसरीवर बसले होते. “सामान बघितलंस? काय काय नेतोस?”

“कंदील नेतो.”

“आणि?”

नवरा दाराकडे बघत होता. दाराच्या वर गणेशपट्टी आहे, सागवानी. मधे गणपती, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी, त्यावर पन्नास वर्षांच्या तेलपाण्याची आणि धुराची पुटं. तो दर वेळी तिच्याखालून वाकून आत जातो.

“ही पट्टी बिल्डरला जाणार का?”

“सांगितलंस तर नाही जाणार.” काका म्हणाले. “सह्यांना पुढच्या महिन्यात यायचंय. किती दिवस येशील?”

“चार,” नवरा म्हणाला. “हिला वसंतगडावर न्यायचंय.”

वसंतगडाचं मला हे पहिल्यांदाच कळत होतं. रोमचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही. घरात मोजायची टेप सापडेना, म्हणून तो स्टुलावर चढला आणि माझी ओढणी लावून आम्ही पट्टीचं माप घेतलं, टोकाला गाठ मारली. पुण्यात पोचल्यावर रात्री पावणेबाराला आधी ती ओढणी आमच्या फ्लॅटच्या दाराला लावून बघितली. पट्टी वीतभर रुंद आहे.